सरफेस क्लीनर घेताना आधी लिटर बघा, मग इंच

लातूरच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. गेटपासून पोर्चपर्यंत त्यांची साधारण ६०० चौरस फूट जागा आहे. बहुतेक भागात गट्टू आणि पोर्चखाली शहाबादी फरशी. घरी १८०० वॅटचं प्रेशर मशीन आहे. गनने धुतलं की पट्टे राहतात आणि अर्धा दिवस त्यातच जातो. आता त्यांना २० इंची सरफेस क्लीनर, म्हणजे गनला लावून जमीन धुवायची गोल टोपाची जोड, स्वस्तात मिळतो आहे. तो घ्यावा का, कसा वापरावा, आणि लातूरसारख्या गावात या कामावर इतकं पाणी घालणं बरोबर आहे का?

२० इंची घेऊ नका. तुमच्या मशीनला ११ किंवा १२ इंची जोड पुरेशी आहे, आणि तीच नीट चालेल. मी छत्रपती संभाजीनगरात पार्किंग, मंगल कार्यालयांची अंगणं आणि वाळूजकडच्या कारखान्यांचे मजले धुण्याची कामं बऱ्याच वर्षांपासून घेतो. मोठी जोड लहान मशीनला लावून निराश झालेली माणसं मला सतत भेटतात. त्यांना वाटतं की वस्तूच खराब निघाली. वस्तू चांगली असते, जोडी चुकलेली असते.

या झाकणाच्या आत काय चालतं ते आधी समजून घ्या. वर गोल टोप असतो. आत मधोमध स्विव्हल, म्हणजे फिरता सांधा, आणि त्याला आडवा दांडा. दांड्याच्या दोन टोकांना दोन नोझल असतात. ते सरळ खाली बघत नाहीत, किंचित तिरपे असतात, म्हणून पाणी सुटलं की त्याच्याच धक्क्याने दांडा गरगर फिरतो. वेगळी मोटर नसते. नोझल जमिनीपासून साधारण इंचभर उंचीवर राहतं, आणि खरा फायदा इथेच आहे. गन हातात धरली की कधी ती चार इंचांवर असते, कधी फूटभर वर जाते, आणि जोर त्याप्रमाणे कमीजास्त होतो. तुमचे पट्टे यातूनच आले आहेत. टोपात अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे मार सगळीकडे सारखा बसतो. शिवाय चिखल भिंतीवर आणि तुमच्या पायजम्यावर उडत नाही.

दुकानात सगळे बार, म्हणजे दाब किती, ते विचारतात. तुम्ही मिनिटाला किती लिटर ते विचारा. सरफेस क्लीनरमध्ये एकच पाणी दोन नोझलमध्ये वाटलं जातं आणि दांडाही त्याच पाण्यावर फिरतो, म्हणून इथे प्रवाहाला जास्त महत्त्व आहे. माझा ठोकताळा असा: मिनिटाला जितके लिटर, त्याच्या साधारण सव्वापट ते दीडपट इंच. साडेसात लिटर देणाऱ्या घरगुती मशीनला ११ इंच. थ्री-फेजवरच्या १५ लिटरच्या मशीनला १८ ते २० इंच. १२ इंचाच्या मानाने २० इंची टोपाखाली जवळजवळ पावणेतीनपट जागा येते. पाणी आणि ताकद मात्र तेवढीच असते, ती वाढलेल्या जागेवर पसरते. दांडा फिरताना दिसतो, फेस उडताना दिसतो, आणि फरशी मळकीच राहते.

मशीनवरच्या लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बार आणि मिनिटाचे लिटर यांचा गुणाकार करून ६०० ने भागा. पाण्यात उतरणारी ताकद किलोवॅटमध्ये मिळते. लेबलवर १५० बार आणि १० लिटर लिहिलं असेल तर उत्तर अडीच किलोवॅट येतं. १८०० वॅटच्या मोटरमधून ते येणार कुठून? दोन्ही आकडे कमाल असतात आणि ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पंपात जाणारी ताकद वजा केली तर तुमच्या मशीनमधून काम करताना १०० बारच्या आसपास आणि सात-साडेसात लिटर एवढं मिळालं तरी मी त्याला चांगलं मशीन म्हणेन. खात्री करायची असेल तर नेहमीचं नोझल लावून २० लिटरची बादली भरा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले तर साडेसात लिटर.

आता नोझलचा नंबर. हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. नोझलवर ०१५, ०२०, ०२५ असे आकडे कोरलेले असतात. आकडा मोठा तसं भोक मोठं. १०० बार आणि सात लिटरच्या मशीनला दोन ०१५ नोझल बरोबर बसतात. मोठ्या टोपात अनेकदा ०२५ ची जोडी येते. ती तुमच्या मशीनला लावली तर दाब १०० वरून ४० बारच्याही खाली येतो, कारण भोक वाढलं की दाब वर्गाच्या प्रमाणात पडतो. उलट भोक फार लहान असेल तर पंपावर ताण येतो, मशीन धापा टाकल्यासारखं चालू-बंद होत राहतं. तीन नोझलचा दांडा असेल तर तेच पाणी तिघांत वाटायचं, म्हणजे प्रत्येक भोक आणखी लहान हवं, आणि लहान भोक आपल्या क्षारयुक्त पाण्यात लवकर बुजतं. घरगुती मशीनला दोनच नोझल ठीक. पाण्याचा पंखा, म्हणजे झोताचा पसारा, २५ अंशांचा घ्या. शून्य अंशांचं नोझल त्या दांड्यावर कधीही लावू नका, फरशीवर गोल चरे पडतात.

घेताना मी टोप उलटा करून दांडा बोटाने फिरवतो. तो सहज फिरून हळूहळू थांबला पाहिजे. खरखर लागली किंवा वरखाली हलला तर ठेवून देतो. नोझल चावीने काढता येतात का, स्विव्हलचे ओ-रिंग आणि बेअरिंग वेगळे मिळतात का, हे तिथेच विचारा. नोझल निघत नसेल तर ते झिजल्यावर सगळी जोड भंगारात जाते. टोप प्लास्टिकचा चालेल. तुमच्या ताकदीच्या मशीनला स्टीलच्या टोपाचा उपयोग कमी आणि वजन जास्त. खाली ब्रशची झालर असलेला घ्यावा की चाकांचा, तर गट्टूवर दोन्ही चालतात, खडबडीत कोब्यावर चाकं बरी. जोडणीकडे मात्र नीट बघा. घरगुती मशीनच्या गनला प्रत्येक कंपनीची आपली खाच असते. कार्चरच्या के मालिकेची टी-रेसर ही जोड त्याच मालिकेच्या गनला थेट बसते, दुसऱ्या कंपनीच्या गनला ॲडॉप्टर लागतो. आट्यांची जोडणी असेल तर एम-२२, म्हणजे २२ मिलीमीटरच्या आट्यांमध्येसुद्धा १४ आणि १५ मिलीमीटर असे दोन प्रकार आहेत. आटे बसतात, पण आतली पिन जुळत नाही आणि पाणी गळत राहतं. गन सोबत घेऊन दुकानात जा.

पाण्याचा प्रश्न तुम्ही विचारलात, ते मला फार आवडलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावातला माणूस हा प्रश्न विचारणारच, आणि प्रत्येकाने विचारावा. हिशेब असा. १२ इंची टोपाने, पट्टे एकमेकांवर घेत, सावकाश चाललात तर मिनिटाला सात-आठ चौरस फूट होतात. ६०० चौरस फुटांना सव्वा तास ते दीड तास. साडेसात लिटरने साडेपाचशे ते पावणेसातशे लिटर, आणि शेवटच्या धुण्याला शंभर-सव्वाशे. म्हणजे सातशे-आठशे लिटर धरा. नुसत्या गनने वेळ दुपटीच्या आसपास जातो, पाणीही त्याच हिशेबाने. साध्या रबरी पाईपने तासभर अंगण धुणारी माणसं याहून जास्त पाणी नालीत सोडतात आणि शेवाळ तिथेच राहतं. तरीही माझं मत स्पष्ट आहे. हे काम वर्षातून एकदा करा, फार तर दोनदा. उन्हाळ्यात, टँकर चालू असताना तर करूच नका. आपल्याकडे नवरात्राआधी घरोघर दसरा काढतात, गोधड्या-भांडी सगळं धुऊन निघतं, तेव्हाच अंगणही काढावं. पाऊस सरत आलेला असतो, बोअरला पाणी असतं, आणि पावसाळ्यात धरलेलं शेवाळ अजून मऊ असतं. तेच मार्चपर्यंत वाळून काळं झालं की दुप्पट पाणी मागतं.

पाणी वाचवायचा सगळ्यात मोठा मार्ग मशीन चालू करण्याआधीचा आहे. आपली काळी माती ओली असताना टायरला आणि गट्टूला गोंदासारखी धरते. तिच्यावर पाणी मारलं की ती आणखी फुगते आणि सगळीकडे लेप बसतो. तिला दोन दिवस वाळू द्या. वाळली की तिला भेगा पडतात आणि खराट्याने पोपडे निघतात. निम्मी घाण तिथेच जाते, एक थेंब न लागता. गट्टूंच्या फटीतलं गवत हाताने उपटा. पालापाचोळा आणि खडे झाडून घ्या. टोपाखाली गेलेला खडा दांड्याच्या फेऱ्यात सापडला तर गोळीसारखा सुटतो.

शेवाळासाठी हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट वापरा. १० टक्क्यांचं मिळालं तर एक भाग त्यात नऊ भाग पाणी. झारीने शिंपडा आणि दहा-पंधरा मिनिटं ओलंच राहू द्या. सकाळी किंवा संध्याकाळी करा, उन्हात ते वाळून जातं. कॅन ताजा घ्या, आपल्या उन्हाळ्यात पडून राहिलेल्या हायपोचा जोर उतरलेला असतो. ब्लिचिंग पावडर वापरत असाल तर ती पाण्यात कालवून निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणीच घ्या. कुंड्या आणि झाडं आधी साध्या पाण्याने भिजवा, नंतरही धुवा. हे औषध मशीनमधून ओढू नका, पंपाचे सील जातात. आणि हायपो टाकलेल्या जागी ॲसिड कधीही टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि पोर्चसारख्या आडोशाच्या जागी त्याने जीव गुदमरतो.

ॲसिडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण शहाबादीचं नुकसान बघून मला खरंच वाईट वाटतं. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत. टाईल्सचं ॲसिड पडलं की ते फसफसतात. लोक म्हणतात, बघा, घाण निघतेय. निघतो तो दगड. पुढच्या वर्षी त्याच खरखरीत झालेल्या फरशीत दुप्पट मळ बसतो. गट्टूंमधलं सिमेंटही ॲसिड खातं. तेलाचा डाग असेल तर धुण्याचा सोडा गरम पाण्यात घट्ट कालवून डागावर अर्धा तास ठेवा, ताठ ब्रशने घासा, मग टोप फिरवा. जुना, आत मुरलेला डाग फिका होईल, पूर्ण जाणार नाही. नव्या गट्टूंवर येणारा पांढरा लोणा आतल्या क्षाराचा असतो. पाण्याचा मार देऊन तो त्या दिवशी जातो आणि वाळल्यावर परत वर येतो. त्याच्यामागे पाणी घालवू नका, काही पावसाळ्यांत तो आपोआप कमी होतो.

मशीनला पाणी कुठून द्यायचं, हेही ठरवा. बहुतेक घरगुती मशीनवर आत येणाऱ्या पाण्यासाठी ४० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी ती सहज ओलांडतं. हौदातून ड्रम भरून घ्या आणि ड्रममधून मशीनला द्या. बोअरच्या पाण्यात बारीक वाळू येते, ती ड्रमच्या तळाशी बसते. सक्शन पाईप तळापासून वीतभर वर ठेवा आणि आतल्या बाजूला जाळीचा फिल्टर लावाच. सुरू करताना जोड न लावता फक्त गनमधून पाणी सोडा. पाईपमधली हवा आणि कचरा निघून जाऊ दे, मग टोप लावा. हा एक मिनिट वाचवायला गेलं की कचरा थेट दांड्याच्या नोझलमध्ये जाऊन अडकतो.

विजेचंही बघून घ्या. १८०० वॅटला आठ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट आणि कमीत कमी अडीच चौरस मिलीमीटरची वायर. बारीक एक्स्टेंशनवर मशीन गरम होतं आणि दाबही पडतो. ओल्या जागेत उभं राहून काम आहे, तेव्हा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच, असलेल्या लाईनवरच चालवा. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन खोलवर कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डाही वाळतो, त्यात अधूनमधून पाणी घालत जा. पायात गमबूट, डोळ्यांवर चष्मा. फिरता टोप उलटा करून आत डोकावू नका, आणि मुलांना त्या दिवशी मागच्या दारी पाठवा. हा झोत कातडीतून आत शिरतो. जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जायचं.

धुताना टोप जमिनीवर सपाट ठेवा, मग ट्रिगर दाबा, आणि दांडा फिरायला लागला की लगेच चालायला लागा. एका जागी थांबलात तर तिथे गोल उमटतो. चालीचा वेग म्हणजे घरात पोछा मारतानाचा, त्याहूनही थोडा हळू. घाईने ओढलं तर मागे चकलीच्या वेढ्यांसारख्या रेघा दिसतात. त्या दिसल्या की समजा, पाय जास्त वेगाने पडतात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर एक तृतीयांश चढला पाहिजे, कारण टोपाच्या अगदी मध्यावर आणि कडेला मार वेगवेगळा बसतो. सुरुवात उंच बाजूने करा आणि नालीकडे उतरत या, नाहीतर धुतलेल्यावर घाण वाहते. फार मळलेल्या भागावर दाब वाढवण्यापेक्षा आडवी दुसरी फेरी मारा. टोप भिंतीच्या कोपऱ्यात आणि पायरीच्या काठाला पोचत नाही. तिथे गन, २५ अंशांचं नोझल, फूटभर अंतर. शेवटी ४० अंशांच्या रुंद पंख्याने एकदा सगळं वाहून काढा. हे शेवटचं धुणं ओलं असतानाच करा. तरंगणारी माती वाळली की करड्या ढगांसारखी उमटते आणि सगळं काम परत करावं लागतं.

पोर्चखालच्या शहाबादीवर आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर बघा. या दगडाला थर असतात, आणि जुन्या फरशीची कपची निघत असेल तर तिथे टोप चालवूच नका. ब्रश आणि सोडा पुरे. फरशीच्या दरजा भुसभुशीत झाल्या असतील तरी तसंच. नवीन कोबा किंवा काँक्रीट २८ दिवसांच्या आत धुवायचं नाही. हलक्या हाताने केलेल्या कोब्यावर वरचा सिमेंटचा पापुद्रा निघून खडी उघडी पडते, आणि ते परत येत नाही. स्वस्तातल्या रंगीत गट्टूंचा रंगही फक्त वरच्या थरात असतो, त्यांच्यावर एकच फेरी.

हे वाचून कोणी उत्साहाने गावातल्या बारवेकडे किंवा हेमाडपंती देवळाकडे मशीन नेईल, म्हणून आताच सांगतो, कृपा करून नेऊ नका. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव बघितली की कळतं, आपल्याकडे दगडात किती मोलाचं काम उभं आहे. अशा जुन्या बांधकामाच्या सांध्यात आणि दगडाच्या जीर्ण झालेल्या वरच्या थरात हा झोत शिरला तर कायमचं नुकसान होतं. तिथे हात, मऊ ब्रश आणि जाणकार माणूस, एवढंच.

टोप थरथरायला लागला किंवा एकाच बाजूला रेघ पडायला लागली तर एक नोझल बुजलं आहे. मशीन बंद करा, ट्रिगर दाबून दाब सोडा, मग नोझल काढा आणि मशीनसोबत येणाऱ्या बारीक सुईने मागच्या बाजूने साफ करा. जाड तार घालून भोक मोठं करू नका. पांढरा क्षार धरला असेल तर नोझल लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. दांडा अजिबात फिरत नसेल आणि नोझल मोकळे असतील तर स्विव्हलमध्ये क्षार बसला आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. काम संपल्यावर टोपातून दोन मिनिटं स्वच्छ पाणी सोडायचं, दांडा फिरवून पाणी झटकायचं, आणि टोप आडवा न ठेवता खुंटीला टांगायचा. ब्रशच्या झालरीवर टेकवून ठेवला तर ती मुडपते आणि पुढच्या वेळी नोझलची उंची बदलते.

गट्टूंच्या फटीतली वाळू धुण्यात थोडी निघणारच. अंगण पूर्ण वाळू द्या, ऊन असेल तर दोन दिवस. मग चाळलेली बारीक कोरडी क्रश सँड पसरून खराट्याने तिरपी फिरवा, फटी काठापर्यंत भरल्या की उरलेली गोळा करून ठेवा. आठवड्याने वाळू थोडी खाली बसते, तेव्हा तीच वाळू परत एकदा फिरवा. फटी भरेपर्यंत गाडी बाहेर लावा. मोकळ्या फटींवर चाक वळलं की गट्टू हलतात, आणि एकदा हललेला गट्टू पुढच्या पावसात खाली बसतो.